गाविलगडाची हिवाळी वाट

आपल्या वऱ्हाडात बर्फ पडत नाही. चिखलदऱ्याला थंडीचा कडाका फार वाढला, तर पहाटे गवतावरचे दहिवर गोठून पांढरे दिसते, एवढेच काय ते आपले हिम. पण याच डोंगरात, याच दिवसांत एक फौज वाट करीत गेली होती. त्या वाटेची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

साल १८०३. नागपूरकर रघूजी भोसले दुसरे आणि दौलतराव शिंदे यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले होते. २९ नोव्हेंबरला अकोटाजवळ अडगावच्या मैदानावर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. पुष्कळसे पायदळ गाविलगडावर गेले. किल्लेदार होता बेनीसिंग. मागोमाग इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, येऊन ठेपला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला.

आता गड कसा आहे तो नीट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे कोडे उलगडेल. आतला किल्ला दक्षिणेला तोंड करून आहे. तिकडे कडा इतका उभा, की त्या चढाने माणूस चढेल, गाडी चढायची नाही. उत्तरेस व वायव्येस त्याला बाहेरच्या किल्ल्याचे कवच, आणि उत्तरेकडे आणखी एक तिसरी भिंत. तट भक्कम, बुरूज भक्कम. पण लबाडा गावाकडून येणारी उत्तरेची जमीन थेट गडाच्या पातळीला येऊन भिडते. गडाचे वर्म काय ते हेच! पण त्या लबाड्याला तोफा न्यायच्या, तर एलिचपूरहून डोंगरातून तीस मैलांचा फेरा. रस्ता नाही. नुसत्या दऱ्या, नाले आणि रान.

हे काम कर्नल स्टीव्हन्सनकडे आले. माणूस आजाराने इतका खंगला होता, की अडगावला त्याला हत्तीवर बसून राहावे लागले होते. ७ डिसेंबरला त्याची तुकडी निघाली. आधी रस्ता फोडायचा, मग त्यावरून तोफा ओढायच्या, असा क्रम. बैलांचा भरवसा नाही, म्हणून जवळजवळ सारी वाट तोफा माणसांनी हातांनी ओढल्या. असे कष्टाचे काम आपण यापूर्वी पाहिले नव्हते, अशा अर्थाचे वेलस्लीने कळविले आहे. यांत मद्रासकडचे शिपाई फार. उबदार मुलखातली ही माणसे. मेळघाटातली रात्र त्यांनी कशी काढली असेल, हे चिखलदऱ्याला पौषात एक रात्र राहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. इंग्रजी कागदांत साहेबांची नावे सापडतात. रस्ता करणारा शिपाई मात्र नुसता 'शिपाई'च राहिला.

१२ तारखेला ते लबाड्याला पोहोचले. त्याच रात्री मोर्चे बांधले. दक्षिणेच्या बाजूलाही वेलस्लीच्या लोकांनी मोर्चा बांधला होता, पण तो उभा चढ काही केल्या जड तोफा वर घेईना. म्हणजे बघा, दक्षिणेकडून गड खरोखरच अजिंक्य होता! १३ ला उत्तरेकडून मारा सुरू झाला. १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडार पडले. १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास कर्नल केनीच्या हाताखाली हल्ला चढला. दुसऱ्या दोन दरवाजांकडे नुसत्या हुलकावणीच्या तुकड्या धाडल्या होत्या. बाहेरचा किल्ला पडला. पण आतल्याचा दरवाजा बंद. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या लोकांनी जेथे भिंत जरा ठेंगणी तेथे शिड्या लावल्या, आत उड्या टाकल्या आणि दार उघडले. बेनीसिंग लढता लढता पडला. तो काही गड सोडून पळाला नाही, हेही पोरांना सांगा.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांच्या हातून कटक आणि बालासोर गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला व तो निजामाकडे आला. गंमत अशी, की ज्यासाठी एवढे रक्त सांडले तो गाविलगड आणि नरनाळा तहात भोसल्यांकडेच राहिले! ते निजामाकडे गेले १८२२ मध्ये. शिंद्यांचा तहही आपल्याच अंजनगाव सुर्जीला, ३० डिसेंबरला, झाला. मेळघाटातून तोफा चढल्या नि ओरिसाचा किनारा गेला. पुढे १८५८ साली तात्या टोपे या गडाचा आसरा घेतील, या धास्तीने इंग्रजांनी तटबंदी मोडून टाकली.

शिक्षकबंधूंनो, हिवाळी सहल काढाल तेव्हा मुलांना गाडीतून थेट दरवाजाशी उतरवू नका. चिखलदऱ्याहून चालत न्या. पाय फारसे दुखायचे नाहीत, कारण वाट सपाट आहे. दक्षिणेच्या कड्याजवळ, जपून, त्यांना खाली वाकून पाहू द्या. नंतर मागे वळून उत्तरेची जमीन दाखवा. आणि विचारा, बाबांनो, तुम्ही किल्लेदार असतां तर पहारा कोठे वाढविला असता?