समावेशक लेखन (मराठी)

जात, लिंग, शारीरिक स्थिती किंवा वैवाहिक स्थिती यांवरून कोणालाही हिणवणार नाही आणि वगळणारही नाही, असे लेखन. मराठीत हा विषय नव्या शब्दांपेक्षा जुन्या भांडणांतून अधिक उलगडतो. त्या भांडणांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न दिसतो: ज्याला नाव दिले, त्याला विचारले होते का?

याचे सर्वांत ठळक उदाहरण 1938 सालचे आहे. मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीवर चर्चा चालू होती. अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यास दादासाहेब गायकवाडांनी हरकत घेतली. ती मानली गेली नाही, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून निघून गेले. शब्द देणाऱ्यांचा हेतू गौरवाचा होता. पण ज्यांचे नाव ठरत होते, त्यांनाच तो गौरव नको होता.

‘दलित’ या शब्दाची वाट याच्या उलट आहे. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तो अभिमानाने मिरवला. दलित साहित्याने त्याला आशय दिला. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील प्रकरणानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली, तेव्हा अनेक दलित लेखक-कार्यकर्त्यांनी विरोध केला. सरकारी कागदावर घटनेतील संज्ञा योग्यच आहे. मात्र चळवळीचा इतिहास लिहिताना तिने काम भागत नाही.

वस्त्यांच्या नावांबाबत एवढा वाद नाही. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला.

लिंगभावाच्या बाबतीत मराठीची अडचण व्याकरणातच आहे. नामाबरोबर क्रियापदही लिंग सांगते: ‘मी लिहून देतो’ असे छापलेले प्रतिज्ञापत्र स्त्रीलाही पुरुषाच्या तोंडून बोलायला लावते. ‘देतो/देते’ हा तिरका दांडा वाचताना अडतो. उपाय याच व्याकरणात आहेत आणि ते पुरेसे वापरले जात नाहीत. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून ‘मी अर्ज केला’ हे वाक्य कोणालाही चालते. ‘सही करावी’, ‘माहिती भरणे आवश्यक’ या रचनाही तशाच. ‘प्रत्येकाने’ऐवजी ‘सर्वांनी’ लिहिले की ‘प्रत्येकीने’ वेगळे जोडावे लागत नाही.

पदनामांत मात्र दोन मते आहेत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पहिल्यांदा स्त्रीकडे गेले ते ग्वाल्हेरला, 1961 मध्ये, कुसुमावती देशपांडे यांच्याकडे. 2001 च्या इंदूर संमेलनात ते विजया राजाध्यक्ष यांनी भूषवले. अशा वेळी ‘अध्यक्ष’ लिहावे की ‘अध्यक्षा’? पद सर्वांचे असल्याने ते एकच राहावे, असे एक मत. स्त्री तिथे पोहोचली हे शब्दातून दिसावे, असे दुसरे. दोन्ही रूपे रूढ आहेत. एकाच बातमीत पुरुषाला नुसते आडनाव आणि स्त्रीला ‘श्रीमती’ असा भेद केला, तर कोणतेही रूप निवडून उपयोग नाही.

अपंग व्यक्तींसाठी ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर 2015 मध्ये सुचवला आणि तो शासनव्यवहारात रुळला. दैवी गुण चिकटवण्यापेक्षा हक्क द्या, अशी हरकत अपंगांच्या काही संघटनांनी घेतली होती.

एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हे संबोधन सुचवले. त्यावर टीका झाल्यावर हा केवळ चर्चेसाठीचा प्रस्ताव असल्याचा खुलासा झाला. त्याआधी वर्षभर, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथांवर बंदीचा ठराव केला होता. बदल प्रथेत हवा होता, हे त्या गावाने नेमके ओळखले. लेखनापुरते पाहिले तर जिथे वैवाहिक स्थितीचा संबंधच नाही, त्या अर्जातून तो रकाना काढून टाकणे हे नव्या बिरुदापेक्षा अधिक उपयोगाचे.