शर्यतीचा बैल आणि त्याचा शेठ

राजापूरचें नांव काढलें कीं इतिहासाच्या वाचकास इंग्रजांची वखार आणि शिवाजीमहाराजांची १६६१ सालची स्वारी आठवते. राजे, वखारी व स्वाऱ्या यांचा इतिहास लिहिला जातो. लोकांच्या हौसेचा मात्र क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः एखाद्या समाजानें आपला पैसा व आपली प्रतिष्ठा कोठें लावली हें पाहिलें, तर त्या समाजाविषयीं जें कळतें तें सनदा-तहांतून कळत नाहीं. म्हणून बैलांच्या शर्यती आणि त्यांचे हौशी धनी हा विषय आम्हीं आज विचारासाठीं घेतला आहे.

आमच्या राजापूर-लांजा भागांत पावसाळ्यांत नांगरणीच्या स्पर्धा होतात. भाताच्या चिखलांत नांगर धरून जोडी पळवावयाची, अशी ही चढाओढ. ठेंगण्या गांवठी जोड्यांचा गट वेगळा आणि घाटावरून आणलेल्या उंच जोड्यांचा वेगळा. या स्पर्धेंत शेतीचें काम आणि खेळ यांची फारकत अजून झालेली नाहीं. ज्या हातांनीं पेरणी करावयाची तेच हात पुष्कळदा नांगराच्या रुमण्यावर असतात. घाटावरील व उत्तर कोंकणांतील शर्यतींचा थाट याहून निराळा. पुणें जिल्ह्यांतील खेड, जुन्नर, आंबेगांव या तालुक्यांत चढणीच्या घाटांतून गाडा सुटतो, पुढें घोडी धांवते आणि सेकंदांवर निकाल लागतो. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर हलके छकडे शेजारीं शेजारीं सोडतात. अलिबागकडे समुद्राची ओली वाळू हेंच मैदान होतें. रीति निरनिराळ्या असल्या तरी मूळ एकच: ग्रामदैवताची जत्रा, गांवाचा मान, आणि त्या मानांत घरच्या बैलाचा वांटा.

या जुन्या परंपरेंत आपल्या काळीं जें नवें पात्र अवतरलें तें म्हणजे शर्यतीचा शेठ. त्याचा ठळक नमुना म्हणजे पनवेल तालुक्यांतील विहीघरचे पंढरीनाथ फडके. लोक त्यांस पंढरीशेठ म्हणत. गळ्यांत व हातांत सोन्याचे ठसठशीत दागिने, मोटारींचा ताफा, आणि मैदानांत प्रवेश असा कीं शर्यतीइतकीच गर्दी त्यांना पाहावयास लोटे. त्यांच्या दावणीला शर्यतीचे चाळीस-पन्नास बैल असल्याचें सांगत. ‘बादल’ नांवाच्या बैलास ११ लाख रुपये मोजल्याची वार्ता वृत्तपत्रांतून घरोघर पोहोंचली होती. बैलगाडा मालकांच्या संघटनेचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतें. २१ फेब्रुवारी २०२४ रोजीं त्यांचें निधन झालें.

असा पुरुष पनवेलच्याच परिसरांत उदयास यावा, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्यास प्रारंभ झाला. शेत गेलें, नांगर अडगळींत पडला, जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या घरांत बैल हें उपजीविकेचें साधन होतें, त्या घरांत तो आतां आठवण आणि अभिमान एवढाच उरला. कामाचा बैल गेल्यावर मानाचा बैल राहिला, आणि मानाला किंमतीची मर्यादा नसते.

मध्यंतरीं या हौसेवर कायद्याचें सावट आलें. जुलै २०११ मध्यें केंद्र सरकारनें खेळांत ज्यांचें प्रदर्शन करतां येणार नाहीं अशा प्राण्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या. २०१७ मध्यें महाराष्ट्रानें आपला कायदा दुरुस्त केला, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळण्यास १६ डिसेंबर २०२१ उजाडला. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य ठरविला. धांवपट्टी हजार मीटरांहून अधिक नसावी, चाबूक-काठी वा विजेचा झटका वापरूं नये, बैलाची वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि क्रूरतेबद्दल ५ लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशीं बंधनें आलीं. हीं बंधनें उगाच आलेलीं नाहींत. शेपट्या पिरगाळण्याचे व टोंचण्या लावण्याचे प्रकार घडत होते, हें शर्यतीच्या अभिमान्यांनींही प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे.

परंतु बंदीच्या काळांत आणखीही एक गोष्ट घडली. गोरगरीब शेतकऱ्यास रिकामा बैल वर्षानुवर्षें पोसणें परवडेना. ज्याच्यापाशीं द्रव्य होतें त्यालाच दावण राखतां आली. तेव्हां शेठांनीं खिल्लार जातीच्या कित्येक उत्तम जनावरांस आश्रय दिला, हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. कोल्हापुरास १९१२ मध्यें शाहूमहाराजांनीं खासबागेचें मैदान उभें केलें तें मल्लांच्या आश्रयासाठींच. भेद इतकाच कीं तें मैदान सर्वांचें झालें. येथें ईर्षा व्यक्तीव्यक्तींची झाली. नोव्हेंबर २०२२ मध्यें अंबरनाथ येथें शर्यतीच्या वैरांतून गोळीबार झाला व त्या प्रकरणीं फडके यांस अटकही झाली. ग्रामदैवताच्या जत्रेंतला मान माणसांच्या वैरापर्यंत कसा येऊन पोहोंचतो, तें यावरून दिसतें.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेंत साध्या मोटारींच्या शर्यतींत विस्कॉन्सिनचा कारखानदार कार्ल कीकहेफर हा बोटींच्या यंत्रांवर मिळविलेलें धन घेऊन उतरला. १९५५ व १९५६ या दोन्ही वर्षीं अजिंक्यपद त्याच्या गाड्यांनीं पटकाविलें. १९५६ मध्यें तर लागोपाठ १६ शर्यती जिंकल्या. फळ काय? प्रेक्षक त्याच्या विजयावर हुर्यो करूं लागले, आणि १९५६ अखेर त्यानें मैदान सोडलें. निकाल आधींच ठरल्यासारखा वाटूं लागला कीं खेळाचा प्राण जातो.

शेठांच्या थाटास नाकें मुरडणें सुशिक्षितांस सोपें आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. त्यांनीं एक मरणोन्मुख हौस जागती ठेविली. तथापि बादलचें नांव सर्वांस ठाऊक आहे, शेठांचें तर आहेच. पहांटे उठून बैलास चारा-पाणी करणाऱ्या व कासरा धरणाऱ्या माणसाचें नांव किती जणांस सांगतां येईल? मैदानांत जोंवर एका जोडीचा साधा शेतकरीही उतरूं शकतो, तोंवरच ही शर्यत गांवाची. तो बाहेर पडला कीं उरेल तें केवळ श्रीमंतांचें प्रदर्शन, आणि त्यासाठीं बैलास पळविण्याचें कारण राहणार नाहीं.