होडीचा तोल

गोंदिया जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. कोहळी समाजाने बांधलेले तलाव गावोगाव आहेत. सरकारी दप्तरात ते 'माजी मालगुजारी तलाव', बोलण्यात 'मामा तलाव'. अशाच एका तलावावर गेल्या दिवाळीनंतर मी घरी बनवलेली रिमोटची होडी सोडली. प्लायवूडची, एक मीटर लांब, आणि आत धान कापायच्या ब्रश कटरचे 26 सीसीचे पेट्रोल इंजिन. पहिल्याच फेरीत तिच्या तीन खोडी दिसल्या. वेग वाढला की नाक वर-खाली आपटायची, डावीकडे कलून डावीकडेच ओढायची, आणि सुकाणू मध्येच आपोआप झटके द्यायचे. त्या काढता काढता लक्षात आले, की यातली प्रत्येक खोड माझ्याआधी कोणाला तरी नडलेली आहे आणि तिचा इतिहास आहे.

नाक आपटण्याचे कारण काठावर जाळे सांधत बसलेल्या एका ढीवर आजोबांनी लांबूनच सांगितले: "भाऊ, मागं जड हाये जी तुमची नाव." घरी येऊन लाटणे आडवे ठेवले आणि त्यावर होडी तोलून पाहिली. अशा वेगवान होडीचा गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण 30 टक्क्यांवर असावा लागतो; माझा 22 टक्क्यांवर निघाला. वेगात बुडाचा पुढचा भाग पाण्याबाहेर येतो आणि सगळा भार मागच्या हातभर जागेवर पडतो. तो फार मागे असला की नाक उचलते, पाण्याचा आधार सुटतो, नाक आपटते आणि पुन्हा उचलते. बॅटरी पुढे सरकवली. पेट्रोलची टाकी बरोबर गुरुत्वमध्यावर आणली, म्हणजे इंधन संपत गेले तरी तोल ढळणार नाही. खोड गेली.

वजनाची हीच चूक माणसांनी फार महागात शिकलेली आहे. ब्रिटिश आरमाराची 'कॅप्टन' ही युद्धनौका बांधताना ठरल्यापेक्षा जड झाली आणि पाण्यात सुमारे दीड फूट जास्त बुडून तरंगू लागली. वर उंच डोलकाठ्या आणि शिडे होती. 7 सप्टेंबर 1870 च्या रात्री स्पेनच्या वायव्य किनाऱ्याजवळ वादळात ती कलली, ती पुन्हा सरळ झालीच नाही. सुमारे पावणेपाचशे माणसे गेली. तिची कल्पना मांडणारे कूपर कोल्स त्यांतच होते. सोबतची 'मोनार्क' त्याच वादळातून वाचली.

त्याच सुमारास विल्यम फ्रूड हा इंग्रज अभियंता जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून मोजमापे घेत होता. 1867 मध्ये त्याने डार्ट नदीत 3, 6 आणि 12 फुटी नमुने ओढले. 1872 मध्ये टॉर्की येथे यासाठी बांधलेल्या सुमारे 85 मीटर लांबीच्या हौदात प्रयोग सुरू झाले. त्याचा नियम असा: लाटांच्या बाबतीत लहान आणि मोठी नौका सारख्या वागाव्यात, तर त्यांचे वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हवेत. म्हणजे माझी एक मीटरची होडी ताशी 30 किलोमीटरने धावते, तेव्हा ती 16 मीटरच्या नौकेने ताशी 120 किलोमीटरने धावण्यासारखे असते. मग बोटभर वजन सरकले तरी ती का बिथरते, ते कळते. आपल्याकडे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, जिचा आरंभ 1916 चा, बंदरे आणि धरणे आधी लहान प्रतिकृतीत तपासते, ती याच परंपरेतली.

डावीकडे ओढण्याचे मूळ पंख्यात होते. माझा पंखा मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पंखा एका दिशेला फिरला की होडीला उलट दिशेचा पीळ बसतो, म्हणून ती डावीकडे कलते. शिवाय पंख्याची खालची पाती वरच्यापेक्षा पाण्याला जोरात ढकलतात, म्हणून मागचे टोक उजवीकडे सरकते आणि नाक डावीकडे वळते. टॉर्पेडो बनवणाऱ्यांनी एकाच अक्षावर उलट फिरणारे दोन पंखे लावून हा पीळ मारला. मी फक्त रिसीव्हरची बॅटरी उजव्या अंगाला नेली आणि सुकाणू किंचित बाजूला बसवले.

तिसरी खोड सगळ्यात मजेची. इंजिन बंद असताना सुकाणू शांत, चालू केले की झटके. म्हणजे दोष ठिणगीचा. निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींनी होडी चालवून दाखवली. त्याच दशकात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी दूरची घंटा वाजवली. तेव्हा या लहरी ठिणगीतूनच काढत. माझ्या इंजिनाचा प्लग नेमके तेच करत होता. तो एक न बोलावलेला प्रक्षेपक होता आणि माझा जुना 27 मेगाहर्ट्झचा संच त्याचेही हुकूम पाळत होता. रेझिस्टर असलेला प्लग, त्यावर धातूची टोपी आणि रिसीव्हर इंजिनापासून दूर, एवढ्याने झटके थांबले.

होडी आता सरळ जाते. पण हे लिहिण्याचे कारण होडी नाही. जानेवारी 2024 मध्ये गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यांतल्या अनेक जणी बुडाल्या. ती का उलटली, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण आपल्या नद्या-तलावांवर माणसे अजूनही डोंग्यातून कामाला जातात. एका डोंग्यात किती माणसे, कुठे बसायची, कोणी उभे राहायचे नाही, हा हिशेब बहुतेक वेळा नावाड्याच्या नजरेवर असतो. फ्रूडचे आकडे छापले गेले, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचले. ढीवर आजोबांची नजर कुठे लिहिलेली नाही. त्यांना मी विचारले, ओळखलेत कसे? ते म्हणाले, "पाणी सांगते जी. मागं पाणी जास्त फाटत होतं."

पुढच्या फेरीला मी वही घेऊन गेलो.