न्यूट्रॉन किती मंद करायचा?

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत मंदायक, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा पदार्थ, म्हटला की अणुभट्टी आठवते. तुर्भ्याच्या १९५६ च्या 'अप्सरा'त साधे पाणी, 'ध्रुव'मध्ये जड पाणी. परीक्षेपुरते तेवढे पुरते. हे पुस्तक त्याच मंदायकाला कर्करुग्णाच्या खाटेशेजारी आणून उभा करते, आणि तिथे पाण्याची मातब्बरी फारशी चालत नाही.

बोरॉन आणि न्यूट्रॉन यांच्या या कर्करोग-उपचाराचे सूत्र साधे आहे. बोरॉन-१० असलेले औषध गाठीत साचते. त्या बोरॉनच्या अणुकेंद्राने औष्णिक, म्हणजे अगदी मंद झालेला, न्यूट्रॉन गिळला की अल्फा कण आणि लिथियम सुटतात व दहा मायक्रोमीटरच्या आत, म्हणजे जवळपास त्याच पेशीत जिरतात. गॉर्डन लोचर यांनी हे १९३६ मध्येच सुचवले होते. जपानने २०२० मध्ये डोके-मानेच्या कर्करोगासाठी या उपचाराला मान्यता दिली. तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग घेऊन परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणारी माणसे खानदेशाने पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला परका वाटायला नको.

औष्णिक न्यूट्रॉन कातडीखाली फार खोल पोचत नाही. म्हणून बाहेरून पाठवायचा तो अर्धा ते दहा हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट या पट्ट्यातला. पुढचे काम ऊतींमधला हायड्रोजन करतो. शेवटचा मंदायक रुग्णाचे शरीरच! साहजिकच बाहेरच्या मंदायकाने हात आखडता घ्यायचा. हायड्रोजनशी एका टकरीत न्यूट्रॉन सरासरी निम्मी ऊर्जा गमावतो आणि हा सगळा पट्टा दहाएक टकरींत ओलांडून जातो. फ्लोरिनला त्यासाठी शंभराच्या आसपास टकरा लागतात. शिवाय फ्लोरिनचे अनुनाद पट्ट्याच्या वरच्या अंगाला असल्याने जलद न्यूट्रॉन तिथेच अडतात. अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या फ्लोराइडांना मागणी आहे ती यामुळे.

पण या फ्लोराइडांची भुकटी सैल भरून भागत नाही, ठोकळा दाबून घट्ट करावा लागतो. फिनलंडमध्ये अॅल्युमिनियम फ्लोराइड, अॅल्युमिनियम आणि एक टक्का लिथियम फ्लोराइड मिळून 'फ्लुएंटल' घडवले गेले. मला ते या क्षेत्रातले सर्वांत शहाणे मिश्रण वाटते: गरजेपेक्षा मंद झालेला न्यूट्रॉन लिथियम गिळतो, आणि तोही गॅमा किरण न सोडता.

आपल्या महाविद्यालयात अणुभट्टी नाही, ही सबब मात्र ऐकली जाणार नाही. 'ओपनएमसी' ही संगणकप्रणाली फुकट मिळते, न्यूट्रॉन-विदाही मिळते. पहिल्या प्रकरणाआधी मॅग्नेशियम फ्लोराइडचा चाळीस सेंटिमीटरचा ठोकळा तिच्यात मांडून पाहा. मग त्यात एक टक्का पाणी मुरले आहे असे धरून तीच मोजणी पुन्हा करा.