थरांची विद्या: नेरूरपार आणि अमूर्त चित्र

सिंधुदुर्गाच्या चित्रपरंपरेचा विचार बहुधा पिंगुळीची चित्रकथी आणि सावंतवाडीचा गंजिफा यांपाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. परंतु मराठी अमूर्त चित्रकलेतील अग्रगण्य चित्रकार प्रभाकर कोलते यांचा जन्म १९४६ साली कर्ली नदीकाठच्या नेरूरपार येथे झालेला असल्याने या भूमीच्या कलेतिहासात अमूर्ताचेही एक प्रकरण लिहिले जाणे आवश्यक आहे. माणूस, माड, होडी अशा ओळखीच्या वस्तूंचे चित्रण न करता रंग, पोत, आकार आणि अवकाश यांच्या परस्परसंबंधांतूनच जे चित्र उभे राहते त्याला अमूर्त चित्र म्हणतात. असे चित्र मनाच्या लहरीसरशी उमटते, त्यासाठी काही शिकावे लागत नाही, हा समज आजही दृढ आहे आणि तो चित्रकार व प्रेक्षक दोघांवरही अन्याय करणारा आहे.

कोलते यांच्या चित्रांचा पाया असलेली थर देण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाही. गंजिफा म्हणजे खेळायची गोल पाने. दशावतारी गंजिफ्याच्या एका संचात अशी १२० पाने असतात. सावंतवाडीचे चितारी कारागीर पानाला चिंचोक्यांची खळ आणि खडूचा लेप देऊन ते घोटून गुळगुळीत करीत, त्यावर चित्र रंगवीत आणि शेवटी लाखेचा थर चढवीत. मोडकळीस आलेल्या या कलेला १९७० च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात पुन्हा आश्रय दिला. कोलते यांची चित्रकला या कारागिरीतून निघाली असे म्हणणे ओढूनताणून केलेले ठरेल. दोहोंतील भेद मात्र बोलका आहे, कारण गंजिफ्यात खालच्या थराने वरच्याला आधार देऊन स्वतः दिसेनासे व्हायचे असते, तर कोलते यांच्या चित्रात झाकलेला थरच अधूनमधून उघडा राहून चित्राचा गाभा होतो.

हे शक्य होण्यात ॲक्रिलिक या माध्यमाचा वाटा मोठा आहे. रंगद्रव्य कृत्रिम राळेच्या पाण्यातील दुधाळ मिश्रणात कालवून हा रंग तयार करतात आणि चित्रकारांसाठी तो अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आला. त्यातील पाणी उडून गेले की राळेचे कण एकमेकांत मिसळून लवचिक पापुद्रा तयार होतो, जो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. तैलरंगाचा थर पुरता वाळण्यास आठवडे, कधी महिनेही जातात; ॲक्रिलिकचा पातळ थर थोड्याच वेळात वाळत असल्याने एकाच बैठकीत त्यावर दुसरा पारदर्शक किंवा अपारदर्शक थर देता येतो, ओल्या रंगात ओरखडा काढून खालचा रंग वर आणता येतो. आधी न योजलेली अशी खूण, मग तो फटकारा असो वा ओघळ, उमटल्यानंतर ती ठेवावी, अर्धी झाकावी की पूर्ण बुजवावी, हा निर्णय डोळ्यांनी घ्यायचा असतो. अंतःप्रेरणेने काम करणे म्हणतात ते हेच. हात मोकळा सोडणे हा त्याचा केवळ आरंभ होय.

ही नजर कोलते यांनी मुंबईत कमावली. १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९६८ मध्ये पदविका घेताना त्यांना चित्रकार-शिक्षक शंकर पळशीकरांचे मार्गदर्शन लाभले, तर आरंभीच्या कामावर युरोपीय चित्रकार पॉल क्ली यांचा दाट प्रभाव होता. क्ली हे स्वतः जर्मनीतील बाउहाउस या संस्थेत शिकवीत आणि बिंदू, रेषा, प्रतल यांच्या अभ्यासाची त्यांची पाठ्यपुस्तिका १९२५ साली निघाली, म्हणजे ज्याला उत्स्फूर्त म्हटले जाते त्या चित्रामागेही धड्यांची परंपरा होती. अशीच शिस्त मुंबईतही होती: कोलते यांच्याच महाविद्यालयातून १९४८ साली बाहेर पडलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि रंगसुरी वापरून तैलरंग चढवीत व खरवडीत, आणि त्यांची चित्रे अत्यंत संथपणे पूर्ण होत.

पुढे कोलते यांच्या कॅनव्हासवर एकाच प्रबळ रंगाचे मोठे क्षेत्र पसरू लागले. प्रथमदर्शनी ती पार्श्वभूमी वाटते, पण अनेकदा तोच सर्वांत वरचा थर असतो आणि त्याने सोडलेल्या फटींतून खालची गजबज दिसते. १९७२ ते १९९४ या काळात त्यांनी त्याच महाविद्यालयात अध्यापन केले आणि मराठीतून कलेविषयी सातत्याने लिहिले, त्यामुळे अमूर्त चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला त्याविषयी स्वतःच्या भाषेत विचार करण्याची सोय झाली.