वादळ गेलें, खातें राहिलें : लक्षद्वीप, शके १७६९

लक्षद्वीपचीं बेटें कंपनी सरकारकडे कशीं गेलीं याची हकीकत सामान्यतः चार ओळींत सांगण्यांत येते. १८४७ सालीं मोठें वादळ झालें. तेथील राजास रयतेची मदत पुरी करवेना. इंग्रजांनीं कर्ज दिलें. तें न फिटल्यामुळें १८५४ मध्यें बेटें त्यांनीं ताब्यांत घेतलीं. ही हकीकत स्थूलमानानें खरी आहे. परंतु तींत एक चूक व एक उणीव आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून हें टिपण.

प्रथम चुकीविषयीं. या हकीकतींत राजाचा उल्लेख ‘चिरक्कलचा राजा’ असा केलेला आढळतो. चिरक्कलच्या हिंदु घराण्याचें आधिपत्य या बेटांवर पूर्वीं होतें हें खरें. पण पुढें तें कण्णनूरच्या अरक्कल या मुसलमान घराण्याकडे गेलें. १७९६ च्या करारान्वयें कण्णनूरच्या बीबीनें कंपनीस सालीना १५,००० रुपये द्यावयाचे ठरले, व त्या रकमेंत या बेटांचाहि समावेश होता. तेव्हां १८४७ मधील धनी अरक्कल होत, चिरक्कल नव्हेत. दोन नांवांच्या उच्चारसाम्यामुळें एकाची हकीकत दुसऱ्याच्या नांवावर चढली असावी असा आमचा तर्क आहे. असे प्रकार जुनीं दप्तरें चाळणारांस नवे नाहींत.

आतां वादळाविषयीं. १५ एप्रिल १८४७ च्या सुमारास, म्हणजे शके १७६९ प्लवंगनाम संवत्सरीं चैत्री अमावास्येच्या सुमारास, तें कल्पेनीवर आलें. तेथून उत्तरेस आंद्रोतवर व पुढें किल्तानकडे सरकलें. अमावास्येस समुद्राला उधाण असतें. त्यांत वादळानें फुगलेलें पाणी मिळाल्यावर समुद्रसपाटीपासून जेमतेम कांहीं हात उंच असलेल्या बेटांचें काय झालें असेल हें निराळें सांगावयास नको. याच वादळांत मुंबईहून कैदी घेऊन सिंगापुराकडे निघालेली कंपनीची ‘क्लिओपात्रा’ ही लढाऊ आगबोट मलबार किनाऱ्यानजीक सर्व माणसांसह बुडाली. कल्पेनीच्या पूर्व व आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळखंडांचा प्रचंड बांध आहे. तो याच वादळांत समुद्रानें वर फेकला असें मानतात. कागद नसले तरी हा एक शिलालेखच म्हणावा, फक्त त्यावर अक्षरें नाहींत.

उणीव आहे ती यापुढील भागांत. वादळ बेटें सोडून निघून गेलें म्हणजे प्रकरण संपलें, आणि पुढचा भाग केवळ देण्याघेण्याचा, असें लेखक धरून चालतात. वास्तविक विपत्तीस आरंभ तेथूनच झाला. या बेटांवर भात पिकत नाहीं. नारळाचा काथ्या वळावयाचा, तो धन्यानें ठरविलेल्या दरानें त्यासच द्यावयाचा, व त्याच्या मोबदल्यांत तांदूळ घ्यावयाचा, अशी तेथील रीत. माड पडले म्हणजे काथ्या गेला. काथ्या गेला म्हणजे तांदूळ गेला. समुद्राचें पाणी शिरून गोड्या विहिरी खारावतात तें वेगळेंच. नवा माड लाविला तर तो फळास येण्यास सहासात वर्षांहून अधिक काळ लागतो. १८४८ मध्यें लाविलेलें रोप १८५४ मध्यें नुकतें कोठें फळाच्या उंबरठ्यावर आलें असेल. कर्जाचें व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालूं होतें. म्हणजे माड उत्पन्न देऊं लागण्याच्या आंतच बेटांवर जप्ती आली. अरक्कलची अव्यवस्था हें एक कारण असेल. पण माडाचें पंचांग व सावकाराचें पंचांग यांचा मेळ बसला नाहीं हें मुख्य कारण, असें आमचें मत आहे.

यास एक तुलनेचें प्रमाणहि आहे. किल्तान हें अमिनदीवी गटांतील बेट. तो गट १७९९ मध्यें टिपूच्या पाडावानंतर कंपनीकडे आला व दक्षिण कानडा जिल्ह्यास जोडला गेला होता. तेथें धनी व सावकार एकच, तेव्हां धन्यावर कर्ज चढण्याचा प्रश्नच नव्हता. वादळ एकच, परंतु एका बाजूस तें सरकारी खर्चाची बाब झालें, दुसऱ्या बाजूस राज्य जाण्याचें निमित्त.

१८६१ मध्यें बेटें अरक्कलला परत मिळालीं. १८७५ मध्यें थकबाकीसाठीं पुन्हा जप्त झालीं. आणि १९०८ मध्यें सालीना २३,००० रुपये मालिखाना घेऊन घराण्यानें आपला हक्क कायमचा सोडला. एका रात्रीच्या वादळाचा हिशेब असा साठ वर्षें चालला.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’ वादळानेंहि कल्पेनीस तडाखा दिला व तेथून तें आमच्या किनाऱ्याच्या रोखानें आलें. त्या वेळीं केरळ व तामिळनाडूकडील अनेक होड्या देवगड बंदराच्या आश्रयास आल्या होत्या. तेव्हां कोंकणांतील घराण्यांच्या जमाखर्चांत, गलबतांच्या वह्यांत अगर जुन्या पंचांगांच्या समासांत शके १७६९ च्या चैत्र-वैशाखांतील वाऱ्यापाण्याची एखादी ओळहि कोणास आढळल्यास ती अवश्य प्रसिद्ध करावी. बेटांवरून निघाल्यावर तें वादळ कोठें गेलें, हें सांगण्यास ती एक ओळ पुरेल.