तारापूरच्या अणुभट्ट्या आणि आज्ञावलीची गुंतागुंत

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मनोरहून पालघर-बोईसरमार्गे ज्या तारापूर अणुवीज केंद्राकडे जाता येते, तेथे आज्ञावलीलेखनाच्या, म्हणजे संगणकाने करावयाच्या कृती क्रमवार लिहून देण्याच्या, व्यवसायाचा एक फारसा चर्चिला न गेलेला अध्याय घडला. 1969 मध्ये कार्यान्वित झालेल्या, अमेरिकी बनावटीच्या पहिल्या दोन भट्ट्यांचे नियंत्रण तारा, रिले आणि मापके यांवर उभे होते. 2005 व 2006 मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती करू लागलेल्या, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या चौथ्या व तिसऱ्या भट्ट्यांत मात्र नियंत्रणाचा मोठा भाग संगणकाकडे आला.

हा बदल केवळ आधुनिकतेच्या हौसेपोटी झाला नव्हता. आधीच्या 220 मेगावॉटच्या भारतीय जडपाणी भट्ट्यांपेक्षा येथील गाभा मोठा असल्याने, न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या झेनॉनमुळे एका बाजूची शक्ती वाढून दुसरीकडची घटण्याची आंदोलने उद्भवू शकतात, आणि ती आवरण्यासाठी गाभ्यातील 14 कप्प्यांमधील साध्या पाण्याची पातळी सतत कमी-जास्त करावी लागते. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1986 मध्ये आज्ञावलीच्या अंगभूत आणि आगंतुक गुंतागुंत असा जो भेद केला, त्यातील पहिलीचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण: ती भौतिकीतून येते, लिहिणाऱ्याच्या कौशल्याने टळत नाही.

या गुंतागुंतीची किंमत मोजावी लागते ती पडताळणीत. एकापाठोपाठ एक दहा स्वतंत्र ‘हो-नाही’ अटी आल्या, तर आज्ञावलीतून जाणाऱ्या वाटा 1,024 होतात. कॅनडातील डार्लिंग्टन अणुवीज केंद्रात तर, भट्टी बंद करणारी आज्ञावली लिहून झाल्यावरही, ती निर्दोष असल्याचे नियामकास पटवून देण्यात परवाना लांबला. म्हणूनच या क्षेत्रात स्वतःलाच पुन्हा बोलावणारी उपआज्ञावली किंवा चालू असताना स्मृती मागून घेणे यांसारख्या, एरवी सोयीच्या, युक्त्या वर्ज्य मानल्या जातात.

अशाच पडताळणीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आयआयटी मुंबई यांच्या सहकार्यातून विकसित झालेले, ‘सी’ भाषेतील आज्ञावली गणिती पद्धतीने तपासणारे साधन 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. एखादे मूल्य ठरावीक जागी ठरावीक मर्यादेतच राहील, अशी विधाने ते सिद्ध करू पाहते. अशा कामात दिवसाला किती ओळी लिहिल्या यावरून उत्पादकता मोजणे सर्वस्वी गैरलागू आहे.